सरकवे सरांचा अर्धा दिवस

“जरा सरकवता येईल का?”

हे वाक्य सरांचं. त्यांचं खरं आडनाव विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीच्या दारावर पितळी अक्षरांत होतं, पण दुर्बिणीच्या कचेरीत ते कुणाच्या जिभेवर येत नसे. तिथे ते सरकवे सर. फाटकावर नव्याने लागलेल्या रखवालदाराला वाटलं, हेच आडनाव असणार. पाहुण्यांच्या गळ्यात अडकवायची पट्टी त्याने तेच नाव छापून सरांच्या हातात दिली. सरांनी ते वाचलं, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचलं, आणि पट्टी गळ्यात घालून मुकाट जिना चढायला लागले.

वाक्य म्हणायची त्यांची एक तऱ्हा होती. दार अर्धंच उघडायचं. आधी डोकं आत यायचं, मग खांद्यावरची कापडी पिशवी, आणि उरलेले सर बराच वेळ बाहेरच. “बाई,” म्हणून थांबायचं. चष्मा पुसायचा. आणि मग बाकावर आधी बसलेल्या माणसाला म्हणावं तसं, संकोचाने, आर्जवाने, जणू जन्मात पहिल्यांदाच कुणाला काही मागतोय असं म्हणायचं, “जरा सरकवता येईल का?”

बाकावरचा माणूस सरकतो हो. पृथ्वीभोवती घिरट्या घालणारी दुर्बीण तशी सरकत नाही. बाईंचं डोकं फिरायचं ते इथे.

बाई म्हणजे नियोजनाच्या खोलीतल्या बाई. कोणत्या ताऱ्याकडे दुर्बीण कधी वळवायची, किती वेळ रोखून धरायची आणि कधी मान फिरवायची, हे ठरवण्यात त्यांचे केस पिकले. त्या दुर्बिणीवर एक स्पेक्ट्रोग्राफ होता. ताऱ्याचा उजेड आत घ्यायचा आणि कापडाचा तागा उलगडावा तसा तो रंगारंगांत लांबच लांब पसरून दाखवायचा, एवढंच त्या यंत्राचं काम. पण बाईंच्या वाट्याला आलेलं यंत्र अतिनील उजेडाचं. जांभळ्याच्याही पलीकडचा हा उजेड माणसाला दिसत नाही, आणि आपली हवा त्याला जमिनीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून तर एवढा खटाटोप करून दुर्बीण हवेच्या वर नेऊन सोडली.

“लोकांना वाटतं, वर गेलं की सगळं मोकळं,” बाई म्हणायच्या. “मोकळं कसलं डोंबलाचं! वर नुसता सासुरवास आहे.”

सासू म्हणजे पृथ्वी. दुर्बिणीच्या दर फेरीत ती अर्धा वेळ मध्ये येऊन उभी राहायची, की झाला तारा दिसेनासा. सूर्य हा सासरा. त्याच्या अंगावर नजर टाकायची सोय नाही. त्यात समुद्रावर एका ठिकाणी कणांचा असा काही मारा चालतो, की तिथून जाताना अतिनील यंत्राला डोळा मिटूनच जावं लागतं. त्या जागेला कचेरीत सगळे ‘खड्डा’ म्हणत. दिवसातल्या निम्म्या फेऱ्या खड्ड्यावरून, निम्म्या त्याला चुकवून. आणि एवढं सगळं जमलं, की शेजारपाजार बघायचा. आपला तारा गरीब स्वभावाचा, पण त्याच्या बाजूलाच एखादा तापट तारा निघाला, तर त्याच्या भडक्याने यंत्राचा डोळाच जायचा. भाड्याने घर घेताना करतात तशी चौकशी बाई एकेका ताऱ्याच्या आळीत करायच्या. सगळ्यांच्या मर्ज्या सांभाळून, कुणाचा पदर कुणाच्या पायाखाली येणार नाही असं बघून, एक जागा सापडायची. बाई पाठ टेकायच्या. आणि दार अर्धं उघडायचं.

शेवटी वैतागून त्यांनी एक पाटी रंगवून दारावर लावली. ‘येथे काहीही सरकवले जात नाही.’

दुसऱ्याच दिवशी सर आले. पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग डोकं आत आलं.

“बाई, अक्षर फार देखणं आहे तुमचं.”

“आभारी आहे.”

“फक्त पाटी जरा डावीकडे सरकवता—”

बाईंनी उठून दार लावून घेतलं.

आता हे सगळं खरं असलं, तरी सर काही उगाच येणारे नव्हते. त्यांच्या येण्याजाण्यामागे, चष्मा पुसण्यामागे, पिशवीतल्या चुरगळलेल्या आलेखांमागे एकच गोष्ट होती. एक जोडतारा.

दोन भाऊ म्हणा. थोरला म्हातारा, तांबडा, फुगून अगडबंब झालेला. धाकटा लहानखुरा, निळा, भलता तापट. दोघं एकमेकांभोवती इतक्या दुरून फिरतात, की एक फेरी म्हणजे माणसाची एक पिढी. आणि त्या पिढीतून एकदा धाकटा थोरल्याच्या पाठीमागे जातो. एकदम नाही जात. थोरल्याच्या अंगाभोवती वायूची जाड घोंगडी आहे. धाकटा आधी तिच्या कडेला येतो, मग आत आत सरकत जातो, आणि अखेर थोरल्याच्या देहाआड बुडतो. त्या बुडण्याच्या आधीचे काही तास सरांना हवे होते.

“घोंगडीमागे दिवा धरला की काय दिसतं?” सरांनी एकदा बाईंना विचारलं होतं.

“घोंगडीला किती भोकं आहेत ते.”

“वीण दिसते, बाई. कुठला धागा, किती दाट, कुठे विरलाय. धाकटा म्हणजे आपला दिवा. त्याचा खरा उजेड अतिनीलातला, आणि थोरला अतिनीलात जवळजवळ अंधार. म्हणजे दिवा लख्ख आणि मध्ये फक्त घोंगडी. मागच्या वेळी मी पोरगेला होतो. जमिनीवरून बघितलं. दिवा मंद झाला, एवढंच कळलं. वीण काही दिसली नाही.”

“आणि पुढच्या वेळी?”

“पुढच्या वेळी तुमच्या खुर्चीवर जी कुणी असेल तिने बघावं,” सर हसले होते. “माझी तारीख काही सरकवता येणार नाही.”

बाईंनी खण उघडून उगाचच टाचण्या शोधल्या होत्या.

तर असं होतं. यंदा धाकटा जाणार होता, आणि सरांना ही एकच वेळ होती. म्हणून गेली काही वर्षं त्याच ताऱ्यासाठी वेळ मागणारे सर यंदा दर महिन्याला येत. आमची गणितं थोडी बदलली, धाकटा जरा उशिरा जाईलसं दिसतंय, जरा सरकवता येईल का? बाई कपाळावर हात मारत, आणि सरकवून देत. पुढच्या महिन्यात, नाही, लवकरच जाईलसं वाटतंय. “अहो सर, त्याला एकदा नीट विचारून या ना कधी जाणार ते!” बाई ओरडत, आणि पुन्हा सरकवून देत. पाटी खोटी होती, हे पाटी लिहिणारीला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होतं.

आता त्या अर्ध्या दिवसाचं सांगायला हवं.

आकाश बघणाऱ्या माणसांची दिवस मोजायची जुनी रीत निराळी आहे. त्यांचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, भर दुपारी बदलतो. कारण उघड आहे. रात्रभर ताऱ्याला डोळा लावून बसलेल्या माणसाला मध्येच तारीख बदललेली परवडत नाही; रात्र अखंड राहावी म्हणून त्यांनी दिवसाची हद्दच दुपारवर नेऊन ठेवली. पण दुर्बिणीच्या यंत्रांना मध्यरात्रीपासूनची मोजणी लागते. जुन्या मोजणीचा आकडा लांबलचक असतो. त्याचे पुढचे आकडे गाळायचे आणि त्यातून अर्धा दिवस वजा करायचा, की नवा आकडा तयार. पुढचे आकडे सगळेच गाळतात. अर्धा दिवस मात्र विसरायला फार सोपा. आणि विसरला तरी आकड्याच्या तोंडावरून ओळखू येत नाही. दोन्ही आकडे सारखेच साळसूद दिसतात.

सर दर वेळी विसरत.

बाईंना ते पहिल्या वर्षीच कळलं होतं. पहिल्यांदा त्या सांगायला गेल्याही होत्या. पण सरांनी त्यावरून जुन्या मोजणीचा इतिहास सांगायला घेतला, मग त्यातून दुसरा विषय, मग तिसरा, आणि बाईंची दुपार गेली. तेव्हापासून बाईंनी एक केलं. सरांचे आकडे आले, की काही न बोलता अर्धा दिवस वजा करायचा. सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. सर खूश, दुर्बीण खूश. बाईंच्या हाताला त्याची इतकी सवय लागली, की सरांचं नाव दिसलं की बोटं आपोआप ते अर्धं काढून टाकत.

या खेपेला शेवटचे आकडे पाठवल्यावर सर जातीने आले. दार अर्धं उघडलं. डोकं, पिशवी.

“बाई.”

बाई त्याच वेळी एका दूरच्या संशोधकाशी फोनवर भांडून मोकळ्या झाल्या होत्या. त्याने आपला तारा नेमका सूर्याच्या पाठीमागे असताना मागितला होता, आणि वर तुमच्याकडे एवढीही सोय नाही का म्हणून विचारलं होतं.

“बाई, यावेळी अर्धं मी—”

“सर! अर्धं नाही, पाव नाही, चिमूटभरसुद्धा नाही. दारावर काय लिहिलंय?”

“तसं नाही, मी म्हणत होतो की ते अर्धं—”

“तुमचा तारा, तुमचे आकडे, सगळं आलंय माझ्याकडे. मी बघते. आता तुम्ही घरी जा, पाय वर करून बसा, आणि आठवडाभर या जिन्याचं तोंड बघू नका. हात जोडते.”

सर दारात तसेच उभे राहिले. चष्मा हातात होता, पण पुसला नाही.

“तुम्ही बघताय म्हणजे झालंच,” ते म्हणाले, आणि गेले.

बाईंनी सुस्कारा टाकला. बोटांनी आपलं काम केलं. योजना पुढे गेली.

पुढे म्हणजे खिळ्याकडे. शेजारच्या खोलीतला हा माणूस प्रत्येक आठवड्याचं अखेरचं वेळापत्रक बांधायचा. एकदा त्याने आठवडा ठोकला की ठोकला, म्हणून खिळा. वयाने बाईंपेक्षा बराच धाकटा, पण बोलणं सरकारी कुलपासारखं. दोन दिवसांनी सकाळी त्याने सरांचा आठवडा बंद केला आणि बाईंच्या दारावरून जाताना सांगितलं, “ताई, तुमच्या सरकव्यांचा तारा ठोकला बरं का. आता देव आला तरी हलत नाही.”

“देव येऊ दे, सर यायला नकोत,” बाई म्हणाल्या, आणि जेवायला घरी गेल्या.

घर कचेरीच्या मागच्याच रस्त्यावर. बाईंचा नवरा वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला. लोकांचा दिवस मावळला की त्याचा सुरू. उद्याची तारीख घातलेला कागद तो आज हातात धरायचा आणि सकाळी येऊन झोपायचा. त्या घरात दिवस दुपारीच उजाडत असे. उठला की स्वयंपाक तो करी, आणि बाई येईतो भाजी झाकून ठेवी.

बाई आल्या, हात धुतले, नेहमीसारख्या ओट्याशी गेल्या, झाकण काढलं, ढवळलं, पानं घेतली. दोघं बसली. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे विस्फारले.

“अगं, हे काय! तोंडाचं मिठागर झालं!”

बाईंनी चव बघितली आणि पाण्याचा पेला उचलला. “अहो, तुम्ही मीठ घातलंत?”

“म्हणजे काय? भाजीत मीठ घालायचं नसतं?”

“पण तुम्ही कधी घालता!”

“रोज घालतो.”

“रोज विसरता. रोज मी येऊन घालते.”

नवरा बघतच राहिला. “रोज? कधीपासून?”

“तुम्ही स्वयंपाक करायला लागल्यापासून.”

“आणि माझ्या बहिणीपुढे म्हणतेस ते? यांच्या हाताला चव आहे म्हणून?”

“चव माझ्या हाताची होती. नाव तुमच्या हाताचं व्हायचं, एवढंच.”

“अगं, मग एका शब्दाने सांगायचं नाही?”

“सांगून काय उपयोग? सांगत बसण्यापेक्षा चिमूटभर टाकणं सोपं.”

नवऱ्याने ताट पुढे ढकललं. रागावला होता, पण त्याहून जास्त हिरमुसला होता. “आज म्हटलं, एकदा नीट लक्ष देऊन करावं. चव घेतली. मीठ नव्हतं. मोजून घातलं. सांगणारही होतो तुला, की यावेळी मीठ मी—”

बाईंचा हात पेल्यावर तसाच राहिला.

यावेळी अर्धं मी.

“अगं, काय झालं? एवढं काही खारट नाही,” नवरा घाबरून म्हणाला. पण बाई उठल्या होत्या. उष्ट्या हातानेच त्यांनी फोन लावला.

“सर, एकच सांगा. चष्मा पुसू नका, इतिहास नको. यावेळी तुम्ही आकड्यांतून अर्धा दिवस वजा करून पाठवला होता?”

“हो तर!” पलीकडून सरांचा आवाज लहान मुलासारखा फुलला. “तेच सांगायला आलो होतो. म्हटलं, ही शेवटची वेळ, यावेळी काही विसरायचं नाही. तीन-तीनदा ताडून बघितलं. का हो? चुकलं का?”

“तुमचं नाही चुकलं,” बाई म्हणाल्या. पण एवढ्यावर थांबून चालणार नव्हतं. “मी आणखी एकदा वजा केला. दर वेळी करते. तुम्ही दर वेळी विसरायचात, सर.”

“इतकी वर्षं?” सरांनी विचारलं.

“इतकी वर्षं.”

“मला वाटायचं, मला जमतंय.”

बाईंना वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. रागावले असते, तुमच्या कचेरीला आग लागो म्हणाले असते तर निदान उलट ओरडता आलं असतं. पण सर नुसतं एवढंच म्हणाले. आणि मग अगदी हळू, “म्हणजे दुर्बीण अर्धा दिवस आधीच बघणार?”

“बघणार नाही,” बाई म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

खिळ्याच्या खोलीत तो डबा उघडून बसला होता. बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या लक्षात आलं, की आपणही दार अर्धंच उघडलंय. डोकं आत, उरलेल्या बाहेर.

“काय ताई?”

इतकी वर्षं ज्या वाक्याने रक्त आटवलं, ज्याच्यासाठी पाटी रंगवली, ते आता स्वतःच्या तोंडून जायचं होतं. त्यांनी पदराला हात पुसला. मग डोळे मिटून म्हणाल्या, “जरा सरकवता येईल का?”

खिळ्याचा घास वाटेतच थांबला. त्याने डब्याचं झाकण लावलं, खुर्ची मागे ढकलली आणि प्रसन्नपणे म्हणाला, “पुन्हा एकदा म्हणा.”

“अरे, चेष्टा करू नकोस.”

“चेष्टा नाही. मला नीट ऐकू आलं नाही. या कचेरीत हे वाक्य मी फक्त एका माणसाकडून ऐकलंय.”

बाईंनी सगळं सांगितलं. मिठाचंसुद्धा. खिळा हसला नाही. त्याने आपला ठोकलेला आठवडा पडद्यावर उघडला आणि त्याचं तोंड उतरलं.

“ताई, अर्धा दिवस पुढे म्हणजे काय ते कळतंय ना? आत्ता त्या ताऱ्याकडे बघायच्या सगळ्या भेटी खड्डा चुकवणाऱ्या फेऱ्यांत बसल्यात. अर्धा दिवस पुढे नेल्या, की बरोबर खड्ड्यात. यंत्राचा डोळा मिटलेला असणार. बघणार काय, कपाळ?”

“प्रत्येक फेरी काही पूर्ण खड्ड्यात जात नाही. मधे मधे फट मिळते.”

“मिळते. चहाचा घोट घेण्याएवढी. आणि तिथे आधीच एक दीर्घिका बसलीय.”

“दीर्घिका कुठे पळून जातेय? लाखो वर्षं तिथेच आहे.”

“दीर्घिका नाही पळत. तिचा मालक पळत माझ्या अंगावर येतो. तुमचा तो, सूर्यामागचा तारा मागणारा. तोच.”

“तोच?” बाईंचा चेहरा उजळला. “मग त्याच्याशी मी बोलते. मला फार दिवस बोलायचंच होतं.”

त्या कसं बोलल्या, ते खिळ्याने भिंतीपलीकडून ऐकलं. पहिला अर्धा भाग ओरडण्याचा होता. दुसऱ्या भागात बाई एकदम खाली आल्या. म्हणाल्या, “चूक माझी आहे. तुमच्या दीर्घिकेला पुढच्या महिन्यात याहून चांगली जागा देते. एका म्हाताऱ्या माणसाला दुसरी वेळ नाही.” मग “आभारी आहे” म्हणून बाईंनी फोन ठेवला.

उरलेली दुपार दोघं एका पडद्यापुढे बसली. एकेक फेरी घ्यायची, पृथ्वी कधी बाजूला होते आणि खड्डा कधी सुरू होतो ते बघायचं, मधली फट मोजायची, भेट कापून तिच्यात बसवायची. एक बसवली की दुसरी बाहेर यायची. खिळा चिडायचा, बाई चिडायच्या, दोघं मिळून पृथ्वीवर चिडायची. “हिला फिरायचंच कशाला असतं?” खिळा म्हणाला. शेवटी सगळ्या भेटी बसल्या. फक्त अखेरची, धाकटा बुडण्याच्या अगदी तोंडावरची, तिला जागा मिळेना. हव्या त्या क्षणी खड्डा. मग ती थोडी अलीकडच्या फटीत घेतली. हव्या त्या जागेहून किंचित आधी, पण घोंगडीच्या आत नक्की.

“एका अटीवर ठोकतो,” खिळा म्हणाला.

“काय?”

“ती पाटी मला द्या. तुमच्या दारावर आता शोभत नाही.”

बाईंनी पाटी काढून आणून त्याच्या टेबलावर आदळली.

धाकटा आपल्या वेळेला गेला. त्याला या सगळ्या धावपळीची गंधवार्ता नव्हती. माहिती खाली उतरली, त्या दिवशी सकाळी सर आले. बाईंनी बोलावलं होतं. तरीही दार अर्धंच उघडलं.

“या हो पूर्ण आत,” बाई करवादल्या. “खुर्ची आहे, बसा.”

सर बसले. फोनवरच्या त्या बोलण्यानंतर दोघांची ही पहिलीच भेट. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. बाईंनी एकेक भेटीचा वर्णपट पडद्यावर आणला. पहिल्यात धाकट्याचा उजेड लख्ख, गुळगुळीत. दुसऱ्यात बारीक काळ्या रेषा. पुढच्यात त्या रेषा रुंदावल्या, नव्या उगवल्या. आणि शेवटच्यात उजेड कमी, काळं जास्त. इतक्या रेषा, एकीला लागून एक, की जणू दिव्यावर कुणी खरोखरच जाडीभरडी घोंगडी धरली होती आणि तिचा एकेक धागा उजेडात उभा राहिला होता.

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. तसाच हातात धरून पडद्याच्या अगदी जवळ गेले, जणू आता काचेची गरज नव्हती. बोट एका रेषेपाशी थांबलं, मग दुसरीपाशी. ओठ हलत होते. तरुणपणी ज्या दिव्याचं नुसतं मंद होणं बघितलं होतं, त्याची वीण आता समोर होती. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. माणूस इतका उघडा बसला असताना त्याच्याकडे बघू नये, एवढं त्यांना कळत होतं.

“बाई,” पडद्यावरून बोट काढत सर म्हणाले.

“हं.”

“पुढच्या वेळी मी काही चुकलो तर सांगत जा. मी इतिहास नाही सांगणार.”

“सांगत जाईन. तुम्हीही माझं ऐकू नका. मी हाकललं तरी दारात उभे राहून वाक्य पुरं करत जा.”

“बरं.” सर उठले. पुन्हा पडद्याकडे बघितलं. कपाळावर एक आठी आली. बाईंना ती आठी चांगली ओळखीची होती.

“फार सुंदर झालंय,” सर म्हणाले. “फार म्हणजे फारच. फक्त ही शेवटची भेट, बाई, किंचित आणखी पुढे... जरा सरकवता—”

“सर!”

“आली असती, असं म्हणतोय. आता काय, गेला तो.”

“गेला! गेला एकदाचा! जा आता तुम्हीपण!” बाई ओरडल्या. ओरडता ओरडता त्यांचा आवाज कुठेतरी वाकडा झाला, आणि त्यांना त्याचाही भयंकर राग आला.

सर गेले. जिन्यावरून त्यांची पावलं सावकाश उतरत गेली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पाटी काढल्याची फिकट चौकोनी खूण डोक्याशी होती. शेजारच्या दारात खिळा आला, त्याच्या दारावर आता बाईंचं देखणं अक्षर. दोघं मग खिडकीशी गेली. खाली अंगणातून सर फाटकाकडे चालले होते, पिशवी खांद्याला, चष्मा अजून हातातच, मान वर करून दिवसाढवळ्या आकाशाकडे बघत. गळ्यातली ‘सरकवे’ ही पट्टी परत द्यायची ते विसरले होते. रखवालदार हाक मारायला उठला, तेव्हा बाईंनी वरून हात हलवून त्याला खूण केली, राहू दे. तो खाली बसला, आणि तिघं बघत राहिली, सर रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत.